खुंटांमधलं पाणी

१ जूनला अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या की पुढचे दोन महिने बाबांना करमत नाही. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होडीला मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचे दिवस असतात, दर्या खवळलेला असतो, बंदी हवीच, असं बाबा स्वतःच चारचौघांत सांगतात. पण चाळीस वर्षं तांडेल म्हणून सुकाणूवर उभा राहिलेला माणूस अंगणात जाळं शिवायला बसला तरी दर पाच मिनिटांनी मान वर करून समोरच्या खांदेरी किल्ल्याकडे बघतो. आईने फोनवर सांगितलं, याला घेऊन जा गं काही दिवस. म्हणून बंदीच्या दिवसांत बाबा माझ्याकडे नायमेखनला आले.

नायमेखन हे नेदरलँड्सच्या पूर्वेचं, वाल नदीच्या काठावरचं शहर. ऱ्हाईन नदी या देशात शिरली की तिच्या पाण्याचा मोठा हिस्सा वाल नावाने वाहतो, आणि रॉटरडॅमहून जर्मनीत जाणारे मालवाहू बार्ज दिवसरात्र याच पाण्यातून जातात. पहिल्या सकाळी मी बाबांना धक्क्यावरच्या बाकावर बसवून ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर तिथेच होते, थर्मासमधला चहा संपवून. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरी, हे वर जाणारे बार्ज अधूनमधून डाव्या अंगाने का जातात? आणि जाताना ती निळी फळी का उभी करतात?" (त्यांची बोली मी इथे थोडी सोपी करून लिहितेय.)

ही निळी फळी मला बोटीच्या परवान्याच्या परीक्षेसाठी पाठ करावी लागली होती. समुद्रावर समोरून बोट आली तर दोघांनी उजवीकडे वळायचं, एकमेकांना डावी बाजू दाखवत पुढे जायचं, हा जगभरचा नियम. ऱ्हाईनवर मात्र प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बार्जला बाजू निवडण्याचा हक्क आहे. त्याला उलट बाजूने जायचं असेल तर तो उजव्या अंगाला फिकट निळी फळी उभी करतो, तिच्या मधोमध पांढरा दिवा लुकलुकतो. खाली येणाऱ्याने आपलीही फळी उभी करून होकार द्यायचा आणि उजव्या बाजूने उजवी बाजू जाऊ द्यायची. मी हे सगळं सांगत होते आणि बाबा मान हलवत होते. मी 'का' पर्यंत पोचायच्या आतच ते म्हणाले, "हां. वळणाच्या आतलं पाणी मऊ असतं. धरमतरच्या खाडीत ओहोटीच्या उलट यायचं तर मधली ओढ सोडून आम्ही कडेचं पाणी घेतो. ह्यांचंही तेच."

मला हे वाक्य एका पुस्तकाच्या एका पानावर सापडलं होतं. त्यांना बाकावर बसून सापडलं. ऱ्हाईनच्या वाहतुकीसाठी १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये एक आयोग नेमला गेला, तो आजही स्ट्रासबर्गमधून काम करतो. दोनशेहून अधिक वर्षं नियम लिहिणं, सुधारणं, छापणं चालू आहे. पण त्या सगळ्या कागदांच्या खाली हेच आहे: जड होडी घेऊन उलट्या पाण्यातून वर चढणाऱ्या माणसाला मऊ पाणी मिळावं.

त्या शनिवारी आम्ही फ्रिसलंडला गेलो, तळ्यांच्या आणि कालव्यांच्या प्रांतात. स्नेक गावात साडेनऊ मीटरची एक पोलादी मोटरबोट आठवड्यासाठी भाड्याने घेतली होती. नेदरलँड्समध्ये बोट १५ मीटरपेक्षा लहान असेल आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळत नसेल तर चालवायला परवाना लागत नाही. अर्धा तास समजावून सांगतात, सही घेतात आणि किल्ली हातात देतात. दर उन्हाळ्यात अनेक देशांतली माणसं अशी पाण्यात उतरतात. मी तर परवाना काढला आहे, पण तो का काढला ते बाबांना तोवर सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री, स्नेकच्या १६१३ सालच्या पाणवेशीजवळ बोट बांधल्यावर सांगितलं.

इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी मैत्रिणींबरोबर अशीच बोट घेतली होती. परवाना लागत नाही म्हणजे माहिती लागत नाही असं मी धरून चालले. शिवाय मी थळची, कोळ्याची मुलगी, पाण्याचं मला काय सांगायचं, असाही एक ताठा होता. प्रिन्सेस मार्ग्रीत कालव्यावर, जिथून शंभर मीटरहून लांब बार्ज जातात, तिथे मी समोरच्या गवताळ काठाकडे जायला म्हणून सरळ आडवी निघाले. बार्ज येताना दिसत होता, लांब होता. मला तो दिसतोय म्हणजे त्याला मी दिसतेय असं वाटलं. मग एक लांब भोंगा वाजला. इथल्या आतल्या पाण्यात एका लांब भोंग्याचा अर्थ 'सावधान' एवढाच, पण तो छातीत वाजतो. मी मागे वळले तेव्हा बार्जची पोलादी भिंत एवढी जवळ होती की तिच्यावरचे गंजाचे ओघळ दिसले. आम्ही निसटलो. पुढे परीक्षेचा अभ्यास करताना वाचलं की भरलेल्या बार्जच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, साडेतीनशे मीटरपर्यंतचं पाणी चालकाला दिसतच नाही. आणि हेही, की २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाला वाट द्यायची, मग लहान बोट शिडाची का असेना. समुद्रावर यंत्राच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते, इथे कालव्यात ते चालत नाही. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, १९७७ पासून लागू झालेले, पहिल्याच कलमात सांगतात की बंदरं, नद्या, तळी, आतले जलमार्ग इथे तिथल्या सत्तेचे खास नियम असतील तर त्यांना आमची आडकाठी नाही. मी ते कलम तेव्हा वाचलेलं नव्हतं. कुठलंच वाचलेलं नव्हतं.

बाबांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. बराच वेळ ते बोटीचा दोर हातात घेऊन बसले होते, मग म्हणाले, "तुला ती रविवारची गोष्ट आठवते?"

आठवते. मी नववीत होते. थळच्या समोरच्या पाण्यात आमची डोल जाळी लागतात. समुद्राच्या तळात खोल खुंट ठोकून त्यांना जाळं बांधतात. भरती-ओहोटीचं पाणी जाळ्यातून वाहतं आणि बोंबील, जवळा, कोळंबी त्यात येते. कुठल्या घराचा खुंट कुठे, हे गावाला ठाऊक असतं. सरकारी नकाशावर ते नाही. देवळाचा कळस आणि डोंगराची खोबण एका रेषेत आली, अमुक माड आणि बुरूज जुळला, की इथे पाटलांचा खुंट, पुढे आमचा. बाहेरच्याला दिसतात ते फक्त वर तरंगणारे बोये. त्या रविवारी मांडव्याकडून एक वेगवान बोट आली, सुट्टीवरच्या माणसांनी भरलेली, आणि बोयांच्या मधून सरळ गेली. पंख्यात दोर गुंडाळला, बोट थांबली, आणि आमचं जाळं फाटून अर्धं तिच्याबरोबर गेलं. बाबा होडी घेऊन गेले तेव्हा त्यांनाच बोलणी खावी लागली. बोटीवरचा एक जण ओरडला, "समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?"

बाबांनी तिथे उत्तर दिलं नाही. त्यांच्या पंख्यातला दोर स्वतः सुरीने कापून त्यांना मोकळं केलं, कारण पाणी चढत होतं आणि बोटीत लहान मुलं होती. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "दर्या बापाचा नाय. पण खुंट बापाने मारलाय."

मी या वाक्याकडे इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा परत आले आहे. गंमत अशी, की समुद्र कुणाच्याच बापाचा नाही हे जगाला ठासून सांगणारा माणूस याच देशातला. ह्यूगो ग्रोशियस, डेल्फ्टमध्ये जन्मलेला कायदेपंडित. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं सांता कातारिना नावाचं भरलेलं जहाज पकडलं. त्या पकडण्याच्या समर्थनार्थ लिहिताना ग्रोशियसने मांडलं की समुद्रावर कुणाची मालकी होऊ शकत नाही, आणि तो भाग १६०९ मध्ये छापून आला. पोर्तुगीज तेव्हा शंभर वर्षं आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजांना कार्ताझ घ्यायला लावत होते. तो परवाना नसेल तर जहाज जप्त. त्याविरुद्ध ग्रोशियसचं म्हणणं मला पटतं. पण पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीनेही पूर्वेकडच्या पाण्यात आपले पास लादलेच.

आणि मग माझ्या मनात कान्होजी आंग्रे येतात. आमच्या अंगणातून खांदेरी दिसते, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेली. पुढे हे पाणी सरखेल कान्होजींचं झालं. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, हा त्यांचा नियम. इंग्रज ते मानायला तयार नव्हते. त्यांनी कान्होजींना चाचे म्हटलं, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. परदेशी पाण्यात शिरून तिथला नियम न मानणारे ते, आणि दरोडेखोर ठरले नियम करणारे. लहानपणी हे मला फक्त शौर्याची गोष्ट म्हणून सांगितलं गेलं. आता त्यात मला तो रविवारही दिसतो. ज्याचा किनारा, ज्याचे किल्ले, ज्याची माणसं त्या पाण्यावर जगतात, त्याने घातलेला नियम आणि समुद्रापार बसलेल्या राजाने पाठवलेला परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज १९८२ च्या समुद्र कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचं राज्य मानलंय, आणि परक्या जहाजाला तिथून जायचा हक्कही दिलाय, उपद्रव न करता जाणार असेल तर. 'उपद्रव न करता' हे तीन शब्द मला फार आवडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बाबांनी सुकाणू हातात घ्यायला नकार दिला. "माझं पाणी नाय हे. तू चालव, मी बघतो." आइल्स्टजवळ रेल्वेचा पूल आला, तेव्हा दिव्यांची भाषा सांगितली: एक लाल म्हणजे थांबा, लाल आणि हिरवा एकत्र म्हणजे उघडायला घेतोय, तयार राहा, हिरवा म्हणजे चला. आणि एकावर एक दोन लाल दिसले तर वाट बघण्यात अर्थ नाही, पूल चालूच नाही. नंतर एका गावात पूलवाल्याने काठीला दोरीने बांधलेला लाकडी बूट आमच्या डोक्यावर सोडला. पूल उघडण्याचे पैसे त्यात टाकायचे. बाबांनी नाणी टाकली, बुटाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. पूलवाल्याने हसून टोपीला हात लावला. कालव्यात कुठे ताशी ६ किलोमीटर, कुठे ९, अशा पाट्या होत्या. मी वेग राखत होते, पण एका ठिकाणी बाबांनी मला आणखी कमी करायला लावला. पाटीत बसत होतो तरी. काठावर बांधलेल्या एका जुन्या होडीत एक बाई शिडीवर उभी राहून रंग देत होती.

या देशात करमणुकीच्या बोटींनी संडासाचं पाणी बाहेर सोडायला १ जानेवारी २००९ पासून बंदी आहे, ते टाकीत साठवून ठरलेल्या जागी उपसून द्यायचं. बाबांना हा नियम सगळ्यांत जास्त आवडला. भाऊच्या धक्क्याजवळचं पाणी त्यांनी तीसेक वर्षांत बदलताना पाहिलंय, त्यामुळे यावर ते जे बोलले ते लांब होतं आणि थोडं दुःखाचं होतं, ते इथे नको.

पुढे हेख गावाजवळचं मोठं तळं लागलं. आधी येल्तेस्लोट नावाचा कालवा, जिथे रस्ता पाण्याच्या खालून जातो, आणि मग एकदम उघडं पाणी, शिडं, वारा. लाल-हिरवे बोये मांडलेले. माझा चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, तो सांगतो की या दोन रंगांनी त्याला सुरुवातीला फार घाम फोडला. समुद्राकडून बंदरात शिरताना भारतात, युरोपात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा. अमेरिकेत, जपानमध्ये, दक्षिण कोरियात, फिलिपिन्समध्ये उजव्या. तोच रंग, आणि अर्थ अगदी उलट. पण हेही पुष्कळ सुधारलेलं रूप आहे. आधी जगात तीसहून जास्त पद्धती होत्या. जानेवारी १९७१ मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत टेक्साको कॅरिबियन हे टँकर टक्कर होऊन बुडालं, दुसऱ्याच दिवशी ब्रांडेनबुर्ग त्याच्या सांगाड्यावर आदळलं, आणि फेब्रुवारीअखेर, तिथे दिवे आणि बोये लावलेले असतानाही, निकी नावाचं जहाज त्यावर जाऊन सगळ्या २२ माणसांसकट गेलं. तिन्ही मिळून ५१ जीव. त्यानंतर देशांना जाग आली आणि नोव्हेंबर १९८० मध्ये टोकियोत दोन विभागांवर एकमत झालं. एकच करता आलं नाही, पण कुठे काय ते तरी ठरलं. बाकीचं, म्हणजे आपण आता कुठल्या पाण्यात आहोत हे लक्षात ठेवणं, सुकाणूवरच्या माणसाकडे राहिलं.

हेखच्या लोकांची एक गोष्ट मी बाबांसाठी राखून ठेवली होती. हे गाव ईल माशाच्या व्यापाराचं. इथल्या खास होड्यांत पोटाला भोकं असलेली पाण्याची खोली असायची, त्यात जिवंत ईल घालून ते थेट लंडनला न्यायचे, १९३८ पर्यंत. लंडनच्या मासळी बाजाराजवळ थेम्स नदीत त्यांना होडी बांधायची हक्काची जागा होती. सांगतात की अट एकच होती: ती जागा कधी रिकामी ठेवायची नाही. एक होडी निघण्याआधी दुसरी तिथे हजर हवी, एक दिवस जरी खाडा झाला तर हक्क गेला. म्हणून पिढ्यानपिढ्या एक तरी फ्रिसियन होडी, परक्या नदीत, परक्या राजाच्या अटीवर, उभी. बाबांनी दोनदा विचारलं, "एकदाही रिकामी नाय ठेवली?" मग डोळे मिटून बसले. मला वाटतं ते त्या होडीवर एकट्याने हिवाळा काढणाऱ्या माणसाचा विचार करत होते.

तळ्यात मी बोयांची रांग सोडून जरा आडवाटेने घेतलं. लहान बोटींना ते चालतं, नकाशावर खोली पुरेशी होती, कुठलीही मनाईची पाटी नव्हती. पुढे पाण्यातून चार-पाच बारीक काठ्या वर आलेल्या, वाकड्या, काही अंतर सोडून. जुन्या कुंपणाचे अवशेष असतील असं मला वाटलं. मी त्यांच्या मधून जाणार होते.

"थांब," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण हा आवाज मी ओळखते. "गियर काढ."

मी काढला. बोट आपल्या जोरावर थोडी सरकली आणि मंदावली. बाबा पुढे जाऊन नाळेवर गुडघ्यांवर बसले, हाताने ऊन आडवून पाण्यात बघत. "खुंट आहेत," ते म्हणाले. "कुणाचं तरी जाळं आहे खाली. ह्या काठीपासून त्या काठीपर्यंत. तोंड तिकडे."

मला पाण्यात काहीच दिसत नव्हतं. मी मागे घेतलं, काठ्यांना लांब वळसा घालून बोट नेली, आणि पलीकडून, सूर्य पाठीशी आल्यावर, पाण्याखाली जाळ्याचं गोल कडं हिरवट दिसलं. ईल धरायचं फाइक, लांब पिशवीसारखं, कड्यांवर ताणलेलं. आमच्या डोलीचं धाकटं भावंडच म्हणावं असं. परवान्याच्या परीक्षेत मला निळी फळी आली होती, पुलाचे दिवे आले होते, शंभर पाट्या आल्या होत्या. या काठ्या आल्या नव्हत्या, किंवा आल्या असतील आणि मी त्यांना काठ्याच समजले असेन.

बाबा परत येऊन बसले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मी पाणी दिलं. ते काठ्यांकडेच बघत होते. "चांगला मारलाय," ते म्हणाले, "वारा धरून मारलाय. म्हातारा असेल कुणी."

संध्याकाळी हेखच्या धक्क्याला बोट बांधली. बाबांनी त्यांची गाठ मारली, मी माझी, आणि दोन्ही ठेवल्या. चहा घेताना त्यांनी विचारलं, "ह्यांची बंदी कधी असते?"

मी सांगितलं, या देशात साधारणपणे ईलची सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. तेव्हा मोठे ईल अंडी घालायला नद्यांतून समुद्राकडे निघतात, पार अटलांटिक ओलांडून सार्गासो समुद्रापर्यंत जातात, म्हणून त्यांना जाऊ द्यायचं.

बाबांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे ह्यांची नारळी पौर्णिमा डिसेंबरात," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवून दोर पुन्हा एकदा ओढून बघायला गेले.